परत पहिल्यापासून

रियाधला अल मलाझमध्ये आम्ही ज्यांच्या इमारतीत राहिलो, त्या घरमालकांचं बोलणं मध्येच तोडायची सोय नव्हती. हे मला पहिल्याच सकाळी कळलं. आमचं सामान खाली लिफ्टपाशी पडलं होतं आणि बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून आमचं स्वागत करत होते. त्यांना सगळे भाडेकरू बाबाच म्हणायचे. आता अरबी माणसाचं स्वागत म्हणजे काही आपल्यासारखं ‘या, बसा’ नव्हे. तुम्ही कसे, तब्येत कशी, वडील कसे, आई कशी, भावंडं कशी, प्रवास कसा झाला, गाव कसं आहे, आणि प्रत्येक उत्तराला दोन्हीकडून अल्हमदुलिल्लाह. बाबा माझ्या आईपर्यंत पोचले होते. तेवढ्यात माझा नवरा हमालावर ओरडला, “अरे भाई, फ्रिज आडवा मत करो!”

बाबा थांबले. डोळे मिटले. उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, “अस्सलाम अलैकुम.” मग पुन्हा तुम्ही कसे, तब्येत कशी, वडील कसे. मी नवऱ्याकडे डोळे वटारून बघितलं. तो गप्प बसला, पण तोपर्यंत फ्रिज आडवा झालाच होता.

“वापस, पहले से,” हे बाबांचं जगण्याचं सूत्र होतं. परत पहिल्यापासून. कहवा उकळताना फोन वाजला, की आख्खं भांडं मोरीत ओतून नवं पाणी. वर्तमानपत्र वाचताना कुणी हाक मारली, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. एकदा मी त्यांच्या गाडीत मागे बसले होते. चौकातल्या मोठ्या गोलाला वळसा घालताना मागच्याने हॉर्न मारला, म्हणून बाबांनी त्या गोलाला आणखी एक पूर्ण चक्कर मारली. हॉर्न मारणाराही बिचारा गोंधळून आमच्यामागून तसाच फिरला.

बाबांची हिंदी मुंबईची होती. मोत्यांच्या धंद्याच्या निमित्ताने त्यांचे आजोबा मुंबईत राहिलेले, आणि बाबांचं बालपणही तिथेच गेलेलं. पुढे घर उठलं, माणसं परत आली, पण बाबांच्या तोंडून ‘कायको’ आणि ‘खाली-पीली’ काही गेलं नाही. डोक्याला लाल चौकटीचा रुमाल, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब आणि तोंडाने ‘कायको टेन्शन लेती है डॉक्टर’ हे ऐकताना पहिले काही महिने मला हसू आवरत नसे. मराठीतले तीन शब्द त्यांना पक्के येत होते: थांबा, चला आणि शेंगदाणे. पैकी पहिले दोन ते अगदी जागच्या जागी वापरत. तिसरा त्यांना नुसताच म्हणायला आवडायचा.

मी डोळ्यांची डॉक्टर. मूळची श्रीवर्धनची. रियाधच्या एका खासगी इस्पितळात नोकरी होती, म्हणून हा संसार तिकडे हललेला. माझं अरबी डोळ्यापुरतं. वर बघा, खाली बघा, हलू नका, दुखणार नाही. एवढ्यावर मी वर्षानुवर्षं काढली. बाबांच्या बायकोशी मात्र माझी गट्टी जमली. आम्हा कोकणी मुसलमानांत मावशीला खाला म्हणतात आणि तिच्या अरबीतही तो शब्द जवळपास तोच, त्यामुळे नात्याचा प्रश्न उभाच राहिला नाही. खाला बोलायला लागली की मला निम्मं कळायचं, पण उरलेलं निम्मं नवऱ्याबद्दलच्या तक्रारींचं असायचं आणि ते कुठल्याही भाषेत कळतंच.

तिची सगळ्यात मोठी तक्रार गच्चीवरच्या खोलीबद्दल होती.

त्या खोलीत बाबा काडतुसं भरत. ऐकून दचकायला होतं, मीही दचकले होते. पण दारातून आत गेलं की समोरच्याच भिंतीवर परवाना आणि त्याखाली काडतुसं भरायची लेखी परवानगी, दोन्ही काचेच्या चौकटीत लावलेले. शेजारी आजोबांचा फोटो. बाबा आधी परवान्याला हात दाखवायचे, मग आजोबांना, आणि मगच कपाटातून ते रिव्हॉल्व्हर निघायचं.

हे रिव्हॉल्व्हर आजोबांनी मुंबईत एका लिलावातून घेतलेलं. गोऱ्या साहेबाचं, वजनदार, बेढब, मुठीला दोरीची कडी असलेलं. त्या मापाची काडतुसं बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडलेले. बाबांनी लहानपणी ते एकदाच उडताना ऐकलं होतं. त्यानंतर ते पेटीत मुकं पडून राहिलं. बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा लोकांनी त्यांना विचारलं की आता काय करणार. “ये बोलेगा,” बाबा म्हणाले, आणि पेटी उघडली.

विकत मिळत नाही ते काडतूस घरी भरायचं म्हणजे सगळा खेळ पितळेच्या पुंगळीचा. गोळी शिशाची, ती नवी ओतता येते. मागची ठिणगीची टोपी नवी बसते. बारूदही परवान्यावर मिळतं. पण पुंगळी उडाल्यावर परत उचलून आणायची, घासायची, तिला पुन्हा आकारात आणायचं आणि पुन्हा भरायचं. प्रत्येक वेळी ती थोडी थकते. एक दिवस तोंडाशी केसाएवढी चीर पडते आणि मग ती गेली. आजोबांच्या पेटीत मूळच्या पुंगळ्या निघाल्या त्या मूठभर. त्या पुरणार नाहीत म्हणून बाबांनी दुसऱ्या, सहज मिळणाऱ्या मापाच्या लांब पुंगळ्या आणून, त्या कापून, कडा घासून या मापात बसवल्या होत्या. मूळच्या त्या ‘सगी’ आणि या ‘सौतेली’. दोघींचे डबे वेगळे. सख्ख्यांचा डबा मखमलीचा, सावत्रांचा बिस्किटांचा. सख्ख्या फक्त ईदनंतरच्या शुक्रवारी बाहेर निघत. बाकी वर्षभर राबायला सावत्र.

“यह तो अन्याय है, बाबा,” मी एकदा म्हटलं.

“अन्याय नहीं, खानदान है,” बाबा म्हणाले.

त्या खोलीत मला प्रवेश मिळाला तो माझ्या धंद्यामुळे. बारूद भरताना तिथे कुणी बोलायचं नाही. फोन बाहेर, चहा-कहवा बाहेर, शिंक आली तर बाहेर. टेबलावर भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, त्यात उभ्या केलेल्या पुंगळ्या, एक तराजू आणि बाबांचा श्वास. कुणी एक शब्द बोललं, की आतापर्यंत भरलेलं सगळं बारूद परत डब्यात आणि पुन्हा सुरुवात. बाबांचं म्हणणं, माणूस बोलण्यात गुंतला की त्याच्या हाताला वाटतं, ही भरली. आणि ती भरलेली नसते. डोळ्याची डॉक्टर म्हणजे हिला गप्प बसायची सवय असणार, असा त्यांनी हिशेब केला. “ऑपरेशन के टाइम तुम लोग बात करता है?” त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. बोलतो, कधीकधी गाणीही लावतो. बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी आता एखाद्याचा डोळा फोडूनच आले आहे. त्या दिवशी मला खोलीबाहेर बसावं लागलं.

त्यांना हे सगळं शिकवलं होतं लष्करात बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादाने. तो वारला होता, पण त्याचा एक नियम बाबा वारंवार सांगायचे. ज्या पुंगळीत बारूद घालायचं राहिलं, ती मुकी. मुकं काडतूस उडवलं की नुसत्या टोपीच्या जोराने गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकून बसते. ते न कळता माणसाने पुढची गोळी झाडली, की रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. म्हणून ज्याच्या टेबलावरून एक मुकं काडतूस गेलं, त्याने त्या टेबलावरून उठायचं. दुसरी संधी नाही. बाबांनी उस्तादाच्या हातावर हात ठेवून हे कबूल केलेलं.

“और आपका कभी गया?” मी विचारलं होतं.

“मेरा?” बाबा एवढे दुखावले, की मी त्यांची माफी मागितली.

एवढी सगळी यातायात कशासाठी, हे मला क्लबवर गेल्यावर समजलं. शहराबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबवर बाबा महिन्यातून एखाद्या शुक्रवारी जात. पुढेपुढे त्यांनी स्वतः गाडी चालवणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणून, असं सांगायचे. मग मीच त्यांना माझ्या गाडीतून न्यायला लागले. बाबांचा नेम यथातथाच होता. निशाणाच्या कागदाला भोक पडलं तर आनंद, नाही पडलं तरी आनंद. त्यांना हवा असायचा तो नंतरचा धूर. जुन्या काळ्या बारुदाचा तो दाट, पांढरा धूर त्यांच्या तोंडावर यायचा आणि बाबा डोळे मिटून तो लांब श्वासाने आत घ्यायचे.

“मुंबई,” ते म्हणायचे. “दिवाली की सुबह. नीचे गल्ली में पटाखे, और दादाजी गॅलरी में खड़े.” आणि मग, थोडं थांबून, “शेंगदाणे.”

मीही तो वास घ्यायचे. फटाक्यांचा वास तर होताच. श्रीवर्धनला आमच्या शेजारच्या अंगणात मुलं लवंगी लावायची आणि आम्ही गडग्यावर बसून बघायचो, तोच. परक्या मुलखातल्या वाळवंटात, कानावर संरक्षक टोप्या लावून, एक म्हातारा अरब आणि एक कोकणातली बाई दिवाळीच्या आठवणीने सुखावून उभे आहेत, याचं तिथल्या अधिकाऱ्याला फार कुतूहल वाटायचं.

आता बाबांच्या डोळ्यांचं सांगते. त्यांना मोतीबिंदू आहे हे मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं. उन्हातून आत आले की दारात क्षणभर चाचपडायचे. बाबांना विचारलं तर दोष बल्बवाल्यांचा. “आजकल बत्ती बनानेवाला सब चोर.” दरवर्षी त्या टेबलावर आणखी एक दिवा चढायचा. शेवटी शेवटी ती खोली एखाद्या सोनाराच्या दुकानासारखी लखलखायला लागली, तरी बाबांची कुरकुर चालूच. आणि खालाच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही, हे ते शपथेवर सांगायचे. खालाला ते ऐकायला आवडायचं, त्यामुळे तिकडून ऑपरेशनचा आग्रह होण्याची शक्यता नव्हती.

मी आडून सांगितलं, सरळ सांगितलं, रागावून सांगितलं. बाबा ऐकून घ्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. “डॉक्टर, मेरे टेबल पर गलती हुआ तो मैं बारूद वापस डालता है. पहले से करता है. तुम्हारे टेबल पर?” यावर मी यश किती मिळतं, धोका किती कमी असतो हे सांगायला लागायचे. “वो नहीं पूछा,” बाबा म्हणायचे. “वापस पहले से होता है क्या, वो बोलो.” होत नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. हिवाळ्याचे दिवस, छान गार हवा. बाबा खुशीत होते. पहिली गोळी उडाली, धूर आला, बाबांनी श्वास घेतला. दुसरी उडाली. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि आवाज आला तो एखाद्याने कोरडं खोकावं तसा. फट्. धूर नाही, काही नाही.

मला वाटलं, टोपी खराब असेल. पण बाबांनी बोट चापावरून काढून लांब केलं. नळी निशाणाकडेच रोखलेली ठेवून ते तसेच उभे राहिले, बराच वेळ. मग सावकाश रिव्हॉल्व्हर उघडून खाली ठेवलं आणि अधिकाऱ्याला बोलावलं. त्याने नळीत बारीक सळई घालून बघितली. गोळी मध्येच अडकली होती.

बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यामागे दोन हातांवर उभी होते. “तुम पीछे खड़ी थी,” ते म्हणाले. घरी पोचल्यावर गच्चीवर गेले, खोलीला कुलूप लावलं, किल्ली आणून खालाच्या हातात ठेवली आणि दिवाणखान्यात जाऊन बसले.

एवढी वर्षं जिने त्या खोलीच्या नावाने बोटं मोडली, ती खाला आठवड्याभरात माझ्या दारात उभी. डोळे भरलेले. बाबा दिवसभर घरात बसतात, बोलत नाहीत, जेवण अर्धं टाकतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कहवा करताना मुद्दाम फोन वाजवून पाहिला, तर फोन उचलून तोच कहवा त्यांनी तसाच पिऊन टाकला.

“परत पहिल्यापासून म्हणालेच नाहीत,” खाला म्हणाली. “तू त्यांना त्या खोलीत परत पाठव. मी पुन्हा कधी काही बोलणार नाही.”

ती बोलल्याशिवाय राहणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. पण मीही हबकले होते. बाबांशिवाय ती खोली बंद राहील, याचं मला वाईट वाटत होतंच. त्याहून जास्त भीती वाटली ती त्या प्यायलेल्या कहव्याची.

मी खालाकडून किल्ली घेतली आणि बाबांना गच्चीवर चला म्हटलं. ते नको म्हणाले. मी म्हटलं, उस्तादाचा नियम मी मोडायला सांगत नाही, फक्त एकदा दाखवा, काय झालं ते. नाइलाजाने आले. मी सगळे दिवे लावले. मग ठोकळ्यात दोन रिकाम्या पुंगळ्या उभ्या केल्या. एकीत त्यांनी माझ्या सांगण्यावरून बारूद घातलं, दुसरी तशीच रिकामी. त्यांना पाठ फिरवायला लावून मी त्या दोन्हींची जागा बदलली आणि म्हटलं, आता रोजच्यासारखे टॉर्च घेऊन तपासा. कुठली भरली?

बाबा वाकले. टॉर्च जवळ नेला, लांब नेला. मान तिरकी केली. कितीही घासली तरी उडालेल्या पुंगळीच्या आत काजळीचा काळोख असतो आणि बारूदही काळंच. धड डोळ्याला त्यातला फरक दिसतो. मोतीबिंदूच्या डोळ्याला प्रकाश फाटून दिसतो आणि आतलं सगळं एकच काळं.

“दोनों,” बाबा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून, “एक भी नहीं?”

“बाबा, हाथ नहीं चुका है,” मी म्हटलं. “उस्ताद का नियम हाथ के लिए था. आंख के लिए उन्होंने क्या बोला था?”

बाबा खुर्चीत बसले. उस्तादाने डोळ्यासाठी काही सांगितलं नव्हतं. बाबांनी खूप आठवून पाहिलं. शेवटी टॉर्च विझवला आणि म्हणाले, ठीक आहे, एक डोळा. पण अट आहे. माझ्या टेबलाचा नियम तुझ्या टेबलालाही. कुणी एक शब्द बोलायचा नाही.

मी कबूल केलं. दोन दिवस आधी माझ्या नर्सला, केरळच्या एका बडबड्या मुलीला, खुणा शिकवल्या. एक बोट म्हणजे हे अवजार, दोन बोटं म्हणजे ते, तळवा म्हणजे पाणी. ती म्हणाली, मॅडम, हा पेशंट आहे की राजा? मी म्हटलं, घरमालक आहे.

ऑपरेशनच्या दिवशी खोलीत खरोखर पिन पडली तर ऐकू येईल अशी शांतता. यंत्राची टिकटिक तेवढी. डोळ्यात थेंब घालून बधिर केलं होतं, बाबा जागे होते. सगळं नीट चाललं होतं. जुनं, कडक झालेलं भिंग फोडून मी बाहेर काढलं. आता नवं बसवायचं, एवढंच उरलं होतं.

“डॉक्टर,” कापडाखालून आवाज आला. “बत्ती दिखती है. तीन बत्ती. नीली, गुलाबी. एकदम दिवाली.”

नर्सचे हात हवेत थबकले. मीही थांबले. बाबांच्याही ते लगेच लक्षात आलं.

“मैंने बात किया,” ते म्हणाले. आवाज बदलला होता. “मैंने ही किया. थांबा. वापस, पहले से.”

“बाबा, हिलना मत.”

“वापस करो, डॉक्टर. पहले से.”

माझ्या हातात त्यांचा उघडा डोळा होता. मुठी आवळल्या जाताना कापड थरथरलेलं मला दिसलं. त्यांनी मान फिरवली असती तर संपलंच होतं. मी जमेल तितकं शांतपणे म्हटलं, “बाबा, पुरानी निकल गई. अब पीछे नहीं जा सकते. आगे ही जाना पड़ेगा.”

यंत्र टिकटिकत राहिलं. एवढं मला कधीच कुणाच्या ‘हो’साठी थांबावं लागलं नव्हतं. मग कापडाखालून एक लांब श्वास ऐकू आला.

“चला,” बाबा म्हणाले.

मी नवं भिंग बसवलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा खाला समोरच बसली होती, तोंड ओढणीत अर्धं लपवून. ती घाबरली होती. आता सुरकुत्या दिसणार. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. “काय बघता?” खालाने विचारलं. बाबांनी तिला हाताने गप्प केलं, डोळे मिटले, उघडले, आणि कपाळापासून पुन्हा बघायला सुरुवात केली. मी फाइल घेऊन बाहेर निघून आले.

गच्चीवरची खोली उघडली. अर्धे दिवे बाबांनी स्वतःच काढून टाकले. डोळे दिपतात, म्हणाले. बल्बवाले पुन्हा प्रामाणिक झाले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मखमलीचा आणि बिस्किटांचा असे दोन्ही डबे टेबलावर ओतले आणि भिंगाखाली एकेक पुंगळी बघायला बसले. थोड्या वेळाने वरून हसण्याचा आवाज यायला लागला. मी धावत गेले. बुडावरच्या बारीक खुणा आता दिसत होत्या. गेली कितीतरी वर्षं मखमलीच्या डब्यात निम्म्या सावत्र बसल्या होत्या, आणि आजोबांच्या सख्ख्या बिस्किटांच्या डब्यातून दर महिन्याला राबत होत्या. एखाददुसरी तर राबून चिरून गेलीही होती.

“और मैं ईद को इसके लिए रोता था,” बाबा एक सावत्र पुंगळी नाचवत म्हणाले आणि डोळे पुसून पुन्हा हसायला लागले. त्यांना पुसू नका, चोळू नका, असं मी ओरडत होते. मखमलीचा डबा त्यांनी खालाला बांगड्यांसाठी देऊन टाकला. सगळ्या पुंगळ्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या.

पुढच्या महिन्यात आम्ही क्लबवर गेलो. सहाच्या सहा उडाल्या. धुरात उभे राहून बाबा म्हणाले, “शेंगदाणे,” आणि मी त्यांच्यासाठी खरोखरच पिशवीतून नेलेले भाजलेले शेंगदाणे काढून दिले. त्या अधिकाऱ्यालाही दिले.

दुसऱ्या डोळ्याचं मात्र राहूनच गेलं. आज करू, रमजान झाल्यावर करू, असं म्हणता म्हणता नवऱ्याची बदली अल-खोबरला झाली आणि मलाही तिकडच्या इस्पितळात जागा मिळाली. बाबांनी जाहीर केलं की दुसरा डोळाही हिच्याच हातून, मी खोबरला येईन. रियाधमध्ये डोळ्यांचे चांगले डॉक्टर भरपूर आहेत, हे मी त्यांना सांगितलं. “वो सब बात करते हैं,” बाबा म्हणाले.

निघायच्या सकाळी सामानाचा ट्रक पुढे गेला होता. नवरा गाडीत बसून माझी वाट बघत होता. खालाने खजुरांचा मोठा डबा माझ्या हातात दिला, रडून घेतलं आणि आत गेली. बाबा जिन्याच्या तोंडाशी, त्याच पहिल्या दिवशीच्या जागी उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि निरोपाला सुरुवात केली. अल्लाह तुला सुखरूप ठेवो, तुझ्या नवऱ्याला ठेवो, तुझ्या वडिलांना आयुष्य देवो, तुझ्या आईला... तेवढ्यात नवऱ्याने हॉर्न मारला.

बाबा थांबले. डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून. अल्लाह तुला सुखरूप ठेवो.

एरवी मी नवऱ्याकडे रागाने बघितलं असतं. त्या दिवशी मला त्याच्यावर प्रेमच आलं. बाबा पुन्हा माझ्या आईपर्यंत पोचले, श्रीवर्धनच्या घरापर्यंत पोचले, आता प्रवास आणि मग संपणार, हे मला कळलं. आणि मी मध्येच म्हटलं, “बाबा, दूसरी आंख का कब?”

बाबांनी डोळे मिटले. हात छातीवर. पुन्हा माझी सुखरूपता, पुन्हा नवरा, पुन्हा वडील. मी ऐकत उभी राहिले. इतकं बरं वाटत होतं की तिथून हलूच नये. आई झाली. गाव झालं. प्रवासाचा ‘प्र’ आला आणि मी म्हटलं, “बाबा, ड्रॉप्स रोज डालते हो ना?”

बाबांनी डोळे मिटले नाहीत. नव्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, गालावरून ओघळलेलं पाणीही त्यांना दिसलं असणार. ओठ हलले, पण निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला नाही. त्यांनी छातीवरचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

“चला,” बाबा म्हणाले.